मला रंग देऊ नका

मित्रांनो, मी एक जुनी शेवयांची मशीन आहे.

किती साधे वाक्य! तुम्हाला शाळेत आत्मवृत्त लिहायला सांगितले की तुम्ही पहिल्याच ओळीत असे काहीतरी लिहून मोकळे होता. मला मात्र हे वाक्य योग्य वेळी, योग्य माणसांसमोर कधी बोलता आले नाही, आणि त्यापायी एका भल्या बाईच्या नावाला काळिमा लागला. माझ्या अंगात मोटर आहे, पट्टा आहे, दातेरी चाके आहेत. जीभ तेवढी बसवायची राहिली.

माझा जन्म कोल्हापूरकडच्या एका कारखान्यातला. बिडाचा जाड सांगाडा, वर पिठाचा उंडा टाकायला स्टीलचे भांडे, खाली बारीक भोकांची जाळी. कडेला पट्टा फिरतो. त्यात कुणाचे बोट किंवा पदर सापडू नये म्हणून त्यावर पत्र्याचे झाकण, तेव्हा निळ्या रंगाचे. हे झाकण तेवढे ध्यानात ठेवा. पुढे सगळा घोळ त्याच्यावरच झाला.

मी पहिल्यांदा गेले ती घोडेगावच्या भीमाबाईंच्या घरी. बाई मोठी कडक. उन्हाळा लागला की साऱ्या आळीतल्या बायका मळलेले पीठ घेऊन यायच्या, आणि भीमाबाई दारातच हटकायच्या, "हात धुतल्याबिगर उंड्याला शिवायचं न्हाई. आधी बादलीकडं जा." माझ्यातून शेवया उतरायच्या त्या अशा पांढऱ्याशुभ्र आणि सरळ की काठीवर वाळत घातल्यावर वाटेने जाणारे लोक थांबून पाहायचे. मी तेव्हा तरुण होते. थोडी शिष्टही होते.

आपल्याकडे नवे भांडे घेतले की त्यावर नाव घालतात. लग्नापंगतीला भांडी एकत्र होतात, मग आपला हंडा कुठला ते कळावे म्हणून. भीमाबाईंनी भांड्यांच्या दुकानातल्या माणसाला घरी बोलावले आणि माझ्यावरही नाव घालायला लावले. त्यांचे यजमान आसाराम हसायला लागले. "अगं, मशीन का कुनाच्या पंगतीला जानार हाय?"

"न्हाई गेली तर न्हाई. माजी हाय, नाव माजं पायजे," भीमाबाई म्हणाल्या.

त्या माणसाने झाकणाच्या पत्र्यावर एकेक ठिपका ठोकत अक्षरे काढली: सौ. भीमाबाई आसाराम जावळे, घोडेगाव. दुखले, खोटे कशाला सांगू? आतल्या बाजूने पत्र्याला बारीक बारीक फोड आले. पण त्या दिवसापासून मी कुणाची तरी झाले.

अशी बरीच वर्षे गेली. यंत्र झाले तरी झिजतेच. माझ्या आत ग्रीस अडवून धरणारी एक रबरी कडी असते, ती गेली. चाकाचा कणाही इतका झिजला होता की नवी कडी बसवली तरी महिनाभरात पुन्हा गळती सुरू व्हायची. भीमाबाईंचे गुडघेही गेले होते. एके दिवशी त्यांनी जाळीखाली बोट फिरवले, काळे झालेले बोट आसारामांना दाखवले आणि म्हणाल्या, "आता हिच्यातून खायाचं काढू नगा." आसारामांनी मला नगरला वैजनाथशेठच्या दुकानात नेले. मला देताना त्यांनी स्पष्ट सांगितले, "शेठ, ग्रीस गळतंय हिच्यातून. खायाच्या कामाची ऱ्हायली न्हाई."

"ठाऊक हाय मला. आमी काय, सुटे भाग काढनार," वैजनाथशेठ म्हणाले.

सुटे भाग कसले काढतात! दुकानामागच्या खोलीत सहादेव नावाचा कामगार होता. त्याने मला रॉकेलने धुतले. झाकणावरच्या अक्षरांत लांबी भरली, म्हणजे रंगारी भिंतीच्या भेगांत भरतात ना, तो मसाला. वरून हिरवागार रंग मारला, नवे स्टीकर लावले आणि प्लॅस्टिक गुंडाळले. आतली कडी मात्र तशीच. खरे सांगू? मला त्या रंगाचा आनंद झाला. केसांना कलप लावून नातीच्या लग्नात मिरवणाऱ्या म्हातारीसारखी मी दुकानात पुढे उभी राहिले. आपण सजलो आहोत असेच मला वाटत होते. आपण एक खोटी गोष्ट झालो आहोत हे मागाहून कळले.

मग कृपा आली. नगरकडच्याच बेलापूरची कृपा त्रिभुवन. इतकी वर्षे ती दुसऱ्यांच्या मशीनवर उन्हाळाभर राबायची. आपली स्वतःची मशीन घ्यायची हे फार दिवसांपासून तिच्या मनात होते. बरोबर तिचा नवरा शलमोन, शाळेची बस चालवणारा. माणूस अबोल, पण कामाला चोख. वैजनाथशेठनी माझ्यावरचे प्लॅस्टिक बोटभर बाजूला केले आणि म्हणाले, "ताई, परवाच कंपनीतून आलीय. हात लावलेला न्हाई कुनी."

कृपाने माझ्या झाकणावरून हात फिरवला. अगदी नावावरूनच. मी आतून ओरडत होते, जरा दाबून बघ बाई, जरा नख लाव. पण नव्या वस्तूला कोण नख लावतो?

शलमोनने मात्र एक शहाणपणा केला. शेठ साध्या चिठोऱ्यावर आकडा लिहून देत होते. शलमोन म्हणाला, "असं नगं. पक्कं बिल द्या. गाडीत डिझेल भरलं तरी पावती घ्यायची सवय हाय मला." शेठनी तोंड वाकडे केले, पण बिल दिले. त्यावर चक्क 'नवीन मशीन' असे लिहिलेले होते.

बेलापूरला मी टेम्पोतून उतरले तेव्हा चर्चचे पाळकसाहेब आले होते. ओसरीत सगळे डोळे मिटून उभे राहिले आणि माझ्यासाठी प्रार्थना झाली. माझ्यासाठी! अशा वेळी मेल्याहून मेल्यासारखे होते ते त्या दिवशी मला कळले. पहिल्या शेवया कृपाने चर्चमधल्या प्रीतिभोजनाला दिल्या. काम थोडे होते, मी तापले नव्हते, म्हणून निभावले. सगळ्यांनी खीर वाखाणली आणि कृपा दोन बोटे उंच झाल्यासारखी चालत घरी आली.

मग आली सविता. तिच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि रुखवतात मांडायच्या शेवया तिने कृपाकडे सोपवल्या. रुखवत म्हणजे साऱ्या सोयऱ्यांच्या डोळ्यांसमोर मांडायची गोष्ट. कृपाने हात कोपरापर्यंत धुतले, डोक्याला फडके बांधले. दिवसभर मी चालले. दुपारनंतर माझे अंग तापले आणि आतले ग्रीस पातळ होऊन झिरपू लागले. मला ते कळत होते. थांबता येत नव्हते. मशीन स्वतःहून थांबत नाही, मित्रांनो, बटण माणसाच्या हातात असते. ओल्या पिठात तो डाग कुणाला दिसला नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात शेवया वाळल्या आणि काठ्यांच्या काठ्या काळ्या रेघांनी भरलेल्या निघाल्या.

सविता ओसरीतच उभी राहून बोलली. "माज्या पोरीच्या रुखवताची अशी दशा? काय केलंस गं हे?"

"ताई, मी इतकं जपून केलं. मशीन तर नवीकोरी हाय," कृपा म्हणाली.

"तेच म्हन्ते मी. नवी मशीन घान टाकती व्हय? मंग घान कशाची? तुज्या हाताचीच न्हवं!"

कृपाने हात पदराखाली घेतले. त्या वाक्यात हातापलीकडचेही बरेच काही होते. ते कृपाला कळले, ओसरीत जमलेल्या बायकांना कळले, मलाही कळले. त्या उन्हाळ्यात पुन्हा कुणी पीठ घेऊन त्या दारी आले नाही.

कृपाने आणि शलमोनने वैजनाथशेठच्या दुकानात खेटे घातले. आधी शेठ म्हणाले, मिस्त्री पाठवतो. मग म्हणाले, मिस्त्री गावाला गेलाय. मग फोन उचलेनात. शेवटी दुकानात गाठले तर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईला चालवताच येत न्हाई, त्याला मी काय करू?"

शलमोनच्या शाळेतल्या एका बाईंनी ग्राहकांच्या मदतीचा एक नंबर दिला, १९१५. तिथे तक्रार नोंदवली गेली, दुकानाला विचारणाही झाली. शेठनी कानावर हात ठेवले. मग त्या बाईंनीच सांगितले की नगरला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या ओसरीत सगळे नगरच म्हणतात. तिथे वकील लावलाच पाहिजे असे नाही. घेतल्यापासून दोन वर्षांच्या आत, बिलाची प्रत जोडून, काय घडले ते आपल्या भाषेत लिहून द्यायचे. कृपाने स्वतः लिहिले. काळ्या शेवयांचे फोटो जोडले. लिहून झाल्यावर ती शलमोनला म्हणाली, "पैसं मिळू नायतर न मिळू. घान माज्या हातची न्हवती, एवढं कुनीतरी मोठ्या मान्सानं म्हनावं. सविताताईला दाखवता येईल असं."

मित्रांनो, एवढेच तिला हवे होते. आणि ते सिद्ध करणारी साक्षीदार तिच्याच ओसरीत गोणपाटाखाली बसली होती.

तारखा पडत गेल्या. शलमोन बसच्या पाळ्या बदलून घ्यायचा, कृपा पहाटे स्वयंपाक उरकून निघायची. वैजनाथशेठच्या बाजूने लेखी उत्तर आले. त्यात म्हटले होते की मशीन नवीच होती, पण तक्रारदार बाईंनी तिची निगा राखली नाही, म्हणून ती बिघडली. आयोगाने एक तज्ज्ञ नेमले आणि त्यांनी घरी येऊन मला तपासावे असे ठरले.

इकडे माझ्या अंगावर एक चमत्कार घडत होता. ओसरीत दुपारचे ऊन थेट माझ्या झाकणावर यायचे. सहादेवने घाईत भरलेली लांबी उन्हाने तडकू लागली. हिरव्या रंगाचे टवके उडाले. एका कोपऱ्यात खालचा निळा रंग दिसू लागला, आणि त्या निळ्यावर चार-पाच ठिपके मोकळे झाले. नीट पाहणाऱ्याला 'भी' वाचता आला असता! एवढा आनंद मला माझ्या तरुणपणीही झाला नव्हता. येऊ दे ते साहेब, मी म्हणत होते. एक नख लावू दे. माझे सगळे नाव बाहेर येईल आणि कृपाचे नाव धुऊन निघेल.

साहेब यायच्या आदल्या दिवशी कृपाने माझ्यावरचे गोणपाट काढले आणि मला पाहून तिने कपाळाला हात लावला.

"अवो, हिची कळा बघा. उद्या सायेब येनार. निगा राखली न्हाई म्हनत्यात, आन् आपन अशी दाखवायची व्हय?"

शलमोन म्हणाला, "हिरव्या रंगाचा डबा हाय चर्चमधला उरलेला. खिडक्यांचा."

"आना. लांबीपन आना थोडी."

कृपाच्या घरची रीतच तशी. रविवारी उपासनेला जाताना कपड्याला एक चुणी चालायची नाही. सरकारी कचेरीत जायचे तर चप्पलसुद्धा पुसून जायचे. आपल्याला कुणी मळके म्हणू नये म्हणून तिच्या आजीपासून सगळ्यांनी जन्मभर हेच केले होते. तिने सोडा घालून मला घासले. तडकलेल्या कोपऱ्यातले ठिपके तिला दिसले, पण तिला ते गंजाचे खड्डे वाटले. बोटाने तिने त्यांत लांबी भरली, एकही सोडला नाही. मग ब्रश घेऊन मला रंगवले, झाकणाच्या कडांवरून, स्क्रूंवरून, सगळीकडून. रंगवताना ती गुणगुणत होती. इतक्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता, आणि त्या हाताखाली मी जीव तोडून नको नको म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. वैजनाथशेठही आले. शेठनी मला पाहिले, जवळ येऊन झाकणाला बोट लावले. रंग पुरता वाळला नव्हता. बोटाला लागलेला हिरवा रंग त्यांनी रुमालाला पुसला आणि रुमाल खिशात ठेवला.

साहेबांनी विचारले, "रंग कधी दिलात?"

"कालच दिला सायेब," कृपा अभिमानाने म्हणाली. "बगा कशी ठेवलीय. निगा राखली न्हाई म्हनत्यात आमाला."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी मला चालू करून पाहिले, ग्रीस गळते हे त्यांना दिसले. मग झाकण उघडायला पेचकस लावला. स्क्रूंच्या खाचा रंगाने बुजल्या होत्या, पेचकस घसरत होता. "जोर लावला तर पत्रा फाटेल," ते म्हणाले, "आणि मग तेही माझ्यावर येईल." त्यांनी पेचकस ठेवून दिला. झाकणाच्या आत भीमाबाईंचे नाव उलट्या फोडांनी जसेच्या तसे होते. त्यांच्या बोटांपासून एका पत्र्याच्या जाडीवर.

अहवालात त्यांनी खरे तेच लिहिले. मशीनला तक्रारदाराने तपासणीआधी रंग व लांबी लावली आहे, त्यामुळे ती विकली तेव्हा कशी होती हे सांगता येत नाही. गळती वापरातूनही होऊ शकते. आयोगापुढे जे आले त्यावर आयोगाने निकाल दिला. तक्रार फेटाळली गेली.

कृपाने तो कागद दोनदा वाचला. रडली नाही. नुसती म्हणाली, "मंजे घान माजीच ठरली." मला वाटले, कुणीतरी माझा पट्टा तोडावा.

पुढे कितीतरी दिवस तिने माझ्याकडे पाहिले नाही. शेवटी भंगारवाला आला. भंगारात पत्र्याचा भाव वेगळा आणि बिडाचा वेगळा, म्हणून तो आधी पत्रा सुटा करतो. त्याने साहेबांसारखा विचार केला नाही. छिन्नी लावली, हातोडा घातला, स्क्रू तुटले आणि झाकण फरशीवर आपटले. त्या दणक्याने सगळी लांबी खळकन गळून पडली.

"ताई, ह्ये नाव कुनाचं?" त्याने विचारले. "भीमाबाई कोन? घोडेगावची?"

कृपा आतून आली. तिने झाकण उचलले. ठिपक्यांवरून बोट फिरवत एकेक अक्षर वाचले. मग खाली बसली. पहिल्यांदा कुणीतरी माझे वाक्य मोठ्याने म्हटले. "ही जुनी हुती. अवो, ही जुनीच हुती."

शलमोनने भंगारवाल्याला परत पाठवले. तो दुसऱ्याच दिवशी झाकणाचे फोटो घेऊन नगरला गेला. तिथे त्याला कळले की वरच्या आयोगाकडे अपील करायची मुदत पंचेचाळीस दिवसांची असते, आणि ती उलटून गेली आहे. उशीर का झाला ते कारण देऊन अपील करता येते. घेतील किंवा घेणार नाहीत, ते त्यांच्या हातात. कृपाने तसा अर्ज पाठवला आहे. घोडेगावला जाऊन भीमाबाईंनाही ती भेटून आली. त्या आता खाटेवरच असतात. मशीनचे नाव काढताच त्यांनी विचारले, "हिच्यातून खायाचं काढू नगा म्हनलं हुतं ना मी?"

अजून उत्तर आलेले नाही. सविता रस्त्यात दिसली की दुसरीकडे बघते. झाकण तिला दाखवायला कृपा एकदा निघाली होती, वाटेतूनच परत आली. लोकांना ऐकायचे असते तेव्हा पत्राही बोलतो, नसते तेव्हा माणसाचेही ऐकत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या साऱ्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, पुसा, तेल-पाणी करा. मीही एरवी तेच म्हटले असते. पण तुम्हाला कुणी फसवले असे वाटले, तर त्या वस्तूला हात लावू नका. तिची घाण, तिचा गंज, तिचे टवके, सगळे जसेच्या तसे राहू द्या. मळकी वस्तू घेऊन साहेबासमोर उभे राहायची लाज वाटेल. वाटू द्या. ती लाज तुमची नसते. पावती जपा, मुदत विसरू नका, आणि मला रंग देऊ नका.

मी अजून त्याच ओसरीत आहे. अंगावर बोटभर धूळ आहे, कोंबड्यांनीही काय करायचे ते करून ठेवले आहे. काल संध्याकाळी झाडलोट करता करता कृपा सवयीने फडके घेऊन माझ्यापाशी आली. हात उचलला. मग तिला आठवले. हात तसाच खाली गेला, आणि ती फडक्याचा बोळा मुठीत धरून कितीतरी वेळ माझ्यापुढे नुसती उभी राहिली.